माती परीक्षणात सगळीकडे ‘कमी’ लिहून आलंय. आता शेतात काय काय टाकू?

वाचकाचा प्रश्न, थोडक्यात: बाबांची दोन हेक्टर शेती आता मी बघते. वरच्या अंगाला मुरमाड, हलकी जमीन. खालच्या अंगाला काळी, भारी. गेले काही हंगाम पीक पूर्वीसारखं येत नाही. खालच्या भागात पाणी साचतं, तिथे शेंड्याची पानं पिवळी पडतात. म्हणून पहिल्यांदाच माती तपासून घेतली. बांधाजवळची एक पिशवी माती खुरप्यानं काढून दिली होती. अहवाल असा: सामू (पीएच) 8.3, विद्युत वाहकता (क्षारांचं माप) 0.35, सेंद्रिय कर्ब (कार्बन) 0.42 टक्के, मुक्त चुनखडी 9 टक्के, स्फुरद (फॉस्फरस) कमी, पालाश (पोटॅश) भरपूर, लोह आणि जस्त कमी. एका खतविक्रेत्यानं गंधक, जिप्सम, ह्युमिक आणि जिवाणू खतं अशी यादी लिहून दिली. बाबा म्हणतात, जन्म या शेतात गेला, माती कागदावर कळत नसते. चार वर्षं आम्ही हेक्टरी पाच टन शेणखत घालतोय, तरी कर्ब एवढाच. आमची माती मेली आहे का? आणि घरामागच्या भाजीच्या वाफ्यांत बाहेरून चांगली माती आणून भरू, की आहे त्यातच वाळू मिसळू?

उत्तर:

ताई, तुमची माती मेलेली नाही. तुमच्या पत्रातला हा प्रश्न मला सगळ्यांत जड वाटला, म्हणून आधी त्याचं उत्तर दिलं. 0.42 टक्के कर्ब कमी आहे हे खरं. पण त्याचाही हिशेब करून बघा. एक हेक्टर जमिनीच्या वरच्या 15 सेंटिमीटर थराचं वजन ढोबळमानानं 2,000 टन भरतं. म्हणजे तुमच्या प्रत्येक हेक्टरात, नुसत्या वरच्या थरात, आजही आठ टनांहून जास्त सेंद्रिय कर्ब आहे आणि त्यावर असंख्य जीव जगताहेत.

माझी खरी शंका अहवालाबद्दल आहे. प्रयोगशाळेनं चूक केली असेल असं मला म्हणायचं नाही. त्यांनी दिलेल्या मातीचं उत्तर दिलं. पण ती माती तुमच्या शेताची होती का? बांधाजवळ नांगर नीट फिरत नाही, गवताची मुळं असतात, वरून वाहून आलेला गाळ साचतो, खताची पोती तिथेच रिकामी होतात. शिवाय तुमच्या शेतात दोन वेगळ्या जमिनी आहेत आणि त्या एका पिशवीत त्यांतली एकही नीट आलेली नाही. दोन हेक्टरांचा वरचा थर 4,000 टनांचा, आणि कर्ब मोजायला प्रयोगशाळेत जेमतेम एक ग्रॅम माती लागते. त्या एका ग्रॅमपर्यंत पोचताना जे चुकतं ते पुढे कुठलंही यंत्र दुरुस्त करू शकत नाही. हजारो रुपयांची असो की लाखोंची, खरेदी या आकड्यांवर करू नका.

इथेच मला बाबांचं म्हणणं महत्त्वाचं वाटतं. माती कागदावर कळत नाही, हे त्यांचं वाक्य तुम्ही परीक्षणाच्या विरोधातलं समजलात. मला ते परीक्षणाची पहिली पायरी वाटतं. नमुना कुठून घ्यायचा हे ठरवायला शेताचे तुकडे पाडावे लागतात आणि ते पाडायला कुठल्या भागाला वाफसा (चिखलही नाही, कोरडीही नाही अशी मातीची स्थिती) उशिरा येतो, पूर्वी खताचा ढीग कुठे असायचा, कुठे जमीन सपाट करताना वरची माती ओढून नेली होती, कुठलं पीक कुठे हमखास बसायचं, हे सगळं माहीत असावं लागतं. ते प्रयोगशाळेला ठाऊक नसतं, तुम्हालाही पुरतं नसणार. एका संध्याकाळी बाबांबरोबर शेतातून चाला आणि त्यांच्याकडून कागदावर शेताचा नकाशा काढून घ्या. त्यांनी दाखवलेल्या रेषा हीच तुमच्या नमुन्यांची हद्द. तपासणी त्यांच्या अनुभवाला खोटं पाडायला केलेली नाही, हे त्यांना वेगळं सांगावंही लागणार नाही.

मग प्रत्येक भागाचा वेगळा नमुना घ्या. तुमच्याकडे निदान दोन होतील: मुरमाड आणि भारी. पाणी साचणारा पट्टा वेगळा काढलात तर तीन. पीक निघाल्यावर, पुढचं खत टाकायच्या आधी, त्या भागात नागमोडी चालत पंधरा-वीस ठिकाणी थांबा. वरचा काडीकचरा बाजूला करा, पण माती खरवडू नका. इंग्रजी व्ही अक्षरासारखा खड्डा 15 ते 20 सेंटिमीटर खोल घ्या आणि त्याच्या एका बाजूची, वरपासून तळापर्यंत सारख्या जाडीची चकती काढा. वर जाड आणि खाली निमुळती चकती निघाली की वरच्या थराचा वाटा वाढतो आणि कर्ब, स्फुरद उगाच जास्त दिसतात. सगळ्या चकत्या प्लास्टिकच्या स्वच्छ घमेल्यात मिसळा, ढेकळं फोडा, ढीग पसरून चार भाग करा, समोरासमोरचे दोन टाकून द्या, उरलेले पुन्हा मिसळा. अर्धा किलो उरेपर्यंत हेच करत राहा. माती सावलीत सुकवायची, उन्हात किंवा चुलीजवळ नाही. सूक्ष्म अन्नद्रव्यं तपासायची असतील तर गंजलेलं किंवा जस्ताचा मुलामा असलेलं अवजार आणि घमेलं वापरू नका, आणि खताच्या रिकाम्या पिशवीत नमुना मुळीच भरू नका. बांध, झाडाची सावली, पाट, विहिरीचा काठ, जुना उकिरडा या जागा टाळा. फळझाडं लावायचा विचार असेल तर गोष्ट वेगळी. तेव्हा 30, 60 आणि 90 सेंटिमीटरपर्यंतच्या थरांचे वेगवेगळे नमुने लागतात, कारण झाडाची मुळं पुढची अनेक वर्षं तिथे राहणार असतात.

नमुना देताना एक प्रश्न विचारा: स्फुरद कोणत्या पद्धतीनं काढता? चुनखडीच्या जमिनीसाठी ओल्सेन पद्धत योग्य. ती 1954 सालची आहे आणि तिच्यात सामू 8.5 ला ठेवलेलं सोडियम बायकार्बोनेटचं द्रावण वापरतात. आम्ल द्रावणाच्या पद्धती तुमच्यासारख्या मातीत फसतात, कारण आम्लाचा बराच भाग चुन्याशीच झगडण्यात संपतो. घरी रंग बघून नत्र (नायट्रोजन), स्फुरद, पालाश सांगणाऱ्या संचांनाही ही अडचण येऊ शकते. सामूचा ढोबळ अंदाज त्यांनी घ्यायला हरकत नाही.

नवा अहवाल येईपर्यंत जुन्याकडे निव्वळ अंदाज म्हणून पाहू. सामू आणि चुनखडी सहसा एकाएकी बदलत नाहीत, त्यामुळे तिथे थोडं बोलता येतं. चुनखडी असलेल्या मातीचा सामू 8.2 ते 8.4 च्या आसपास स्थिरावतो. तो हवेतला कर्बवायू (कार्बन डायऑक्साइड) आणि चुना यांच्यातल्या समतोलाचा आकडा आहे, त्यात रोग असा काही नाही. सामू 8.5 च्या वर चढला तर सोडियमचा संशय घ्यायचा. तुमचा 8.3 आहे आणि वाहकता 0.35 डेसीसायमन प्रति मीटर म्हणजे क्षारही फार नाहीत. अशा जमिनीत जिप्सम कशाला? जिप्सममधलं कॅल्शियम मातीच्या कणांवरच्या सोडियमला हुसकावतं. चोपण, म्हणजे सोडियम साठलेल्या, जमिनीत त्याचा उपयोग मोठा आहे. जिथे कॅल्शियम आधीच उदंड आहे आणि सोडियम नाही, तिथे ते सामूही खाली आणत नाही.

खात्री घरीच करता येते. भारी भागातलं वाटाण्याएवढं कोरडं ढेकूळ पावसाच्या किंवा ऊर्ध्वपातित (डिस्टिल्ड) पाण्याच्या पेल्यात अलगद सोडा आणि पेला न हलवता दोन तास, मग दुसऱ्या दिवशीपर्यंत ठेवा. ढेकूळ ढासळून तळाशी पडलं पण पाणी स्वच्छ राहिलं, तर कणांना बांधून ठेवणारं सेंद्रिय द्रव्य कमी आहे. ढेकळाभोवती दुधासारखा गढूळ पडदा पसरला, तर सोडियमची शंका खरी. मग विनिमययोग्य, म्हणजे मातीच्या कणांना चिकटलेल्या, सोडियमची तपासणी मागा, सिंचनाच्या पाण्याचीही करा, आणि जिप्समची मात्रा त्या आकड्यावरून ठरवा. विहिरीचं किंवा नळाचं क्षारयुक्त पाणी या चाचणीला चालत नाही; त्यातले क्षार कणांना खाली बसवतात आणि दोष झाकला जातो.

आता गंधक. जमिनीतले जिवाणू गंधकाचं आम्ल करतात आणि ते आम्ल चुना विरघळवतं, हे खरंच आहे. पण तुमच्या 9 टक्क्यांचा अर्थ हेक्टरी वरच्या थरात 180 टन चुनखडी, आणि एक टन चुनखडी संपवायला 320 किलो गंधक लागतं. गुणाकार केला तर हेक्टरी सुमारे 58 टन गंधक झालं, आणि चुनखडी संपल्याशिवाय सामू फारसा हलत नाही. पोत्या-दोन पोत्यांनी शेताचा सामू उतरेल ही आशा म्हणूनच सोडा. थोडं गंधक ओळीत, मुळांच्या जवळ दिलं तर तेवढ्याच जागेत अन्नद्रव्यं थोडी मोकळी होतात आणि पिकाला गंधक हे अन्न म्हणूनही मिळतं. त्या मर्यादित कामासाठी द्यायचं तर द्या.

माझं म्हणणं असं की जमिनीच्या काही गोष्टी बदलता येतात आणि काहींशी जुळवून घ्यावं लागतं. खर्चाआधी ही वाटणी झाली पाहिजे. चुनखडी, सामू, चिकणमातीचं प्रमाण, मुरमाची खोली यांच्याशी जुळवून घ्यायचं. निचरा, घट्टपणा, सेंद्रिय द्रव्य आणि अन्नद्रव्यांची उणीव यांवर काम करता येतं. विक्रेत्याच्या यादीतल्या पहिल्या दोन वस्तू न बदलणाऱ्या गोष्टीवर पैसे घालायला सांगताहेत.

पिवळेपणाकडे बघू. शेंड्याची कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या, तर बहुधा लोह. खालची जुनी पानं आधी पिवळी पडली असती तर मी नत्र म्हटलं असतं. लोह जमिनीत भरपूर असतं, पण चुनखडीत ते मुळांना घेता येत नाही. आणि जमीन फार वेळ ओली राहिली तर मातीतल्या पाण्यात बायकार्बोनेट वाढतं आणि अडचण दुप्पट होते. तुम्हीच लिहिलंय की पाणी साचतं तिथे पानं पिवळी पडतात. मला वाटतं, या पट्ट्याचं खरं दुखणं निचऱ्याचं असावं आणि लोहाची उणीव त्यातून आलेली. पडताळा घ्या: लिटरभर पाण्यात पाच ग्रॅम फेरस सल्फेट विरघळवून, संध्याकाळी, दोन-चार झाडांच्या कोवळ्या पानांवर ब्रशनं लावा. काही दिवसांत तेवढी पानं हिरवी झाली तर निदान पक्कं. मग फवारणीनं तो हंगाम निभावेल. जमिनीतून चिलेटेड (दुसऱ्या रेणूनं धरून ठेवलेलं) लोह द्यायचं असेल तर लेबल वाचा. ईडीटीए प्रकार अशा सामूत टिकत नाही, ईडीडीएचए टिकतो.

निचऱ्याबद्दल अहवालात एकही ओळ नसते. म्हणून काहीही विकत घ्यायच्या आधी भारी भागात, वाफसा असताना, फावड्यानं अर्धा मीटर खोल खड्डा खणा आणि त्यात बसून भिंत बघा. एक खड्डा पाणी साचतं तिथे, दुसरा साचत नाही तिथे. मुळं सरळ खाली जाताहेत की वीस-पंचवीस सेंटिमीटरवर आडवी वळताहेत? त्या खोलीवर सुरी टोचली तर अडते का? दरवर्षी एकाच खोलीवर नांगरट झाली किंवा ओल्या रानात जड यंत्र फिरलं की तिथे घट्ट तवा बसतो. तो असेल तर कोरड्या दिवसांत एकदा खोल फोडणी आणि लगेच खोल मुळांचं पीक. ओल्यात फोडलात तर माती चिकटून पुन्हा बसते. तवा नसेल आणि पाणी वरून वाहून येत असेल, तर उताराला आडवा चर काढून ते वळवणं कुठल्याही खतापेक्षा स्वस्त पडेल. दुसरा एक खड्डा तीसेक सेंटिमीटरचा घ्या, पाण्यानं भरा, जिरू द्या, पुन्हा भरा आणि तासात पातळी किती उतरते ते मोजा. अडीच ते साडेसात सेंटिमीटर उतरली तर निचरा ठीक. तासाला एक सेंटिमीटरही उतरत नसेल तर पिकाची मुळं गुदमरताहेत.

स्फुरद आणि जस्त नव्या अहवालातही कमी आले तर ते द्या, पण पसरून नको. चुनखडीत स्फुरद कॅल्शियमशी बांधला जातो. बियाण्याच्या शेजारी, थोडं खाली, ओळीत दिला तर मातीशी संपर्क कमी येतो आणि मुळांना आयता सापडतो. झिंक सल्फेट स्फुरदाच्या खतात मिसळू नका. ते कुजलेल्या शेणखताबरोबर द्या. हेक्टरी 20 ते 25 किलो एकदा दिलं की परिणाम दोन-तीन हंगाम पुरतो. पालाश भरपूर असेल तर तो खर्च सध्या थांबवा. अहवालाचा हा फायदा कोणी सांगत नाही: काय टाकायचं नाही हे त्यातून कळतं.

शेणखताबद्दलची तुमची निराशा मला समजते. पण आकड्यांकडे पाहा. पाच टन शेणखतात ओलावाच बराच असतो. कर्ब साधारण अर्धा-पाऊण टन. त्यातला बहुतेक वर्षभरात जिवाणू खातात आणि तो कर्बवायू होऊन हवेत जातो. मागे दीड-दोनशे किलो उरला तर 2,000 टनांत तो 0.01 टक्का. चार वर्षांत 0.04, आणि तेवढ्या काळात जुना कर्बही झिजतच होता. एवढा फरक कोणत्याही अहवालात उमटणार नाही. खतानं काम केलं नाही असा याचा अर्थ होत नाही. कुजतानाच त्यानं अन्नद्रव्यं सोडली आणि जीव पोसले. आणि जो कर्ब जमिनीत मुरतो तो टिकाऊ असतो. इंग्लंडमधल्या रोथमस्टेड इथल्या हूसफील्ड शेतात एका तुकड्याला 1852 ते 1871 दरवर्षी हेक्टरी 35 टन शेणखत दिलं आणि मग बंद केलं. शंभर वर्षांनंतरही तिथली माती शेजारच्या, कधीच शेणखत न मिळालेल्या तुकड्यापेक्षा कर्बानं समृद्ध होती.

35 टन आणणं तुम्हाला जमणार नाही, बहुतेकांना जमत नाही. म्हणून बाहेरून आणण्यापेक्षा जे बाहेर जातंय ते अडवा. पिकाचे अवशेष जाळू नका, नांगरटीची संख्या घटवा, दोन पिकांमध्ये रान उघडं ठेवू नका. हिरवळीचं खत म्हणून ताग किंवा धैंचा फुलोऱ्याआधी गाडा. मुळांतून आलेला कर्ब वर पसरलेल्या काडीकचऱ्यापेक्षा जमिनीत जास्त टिकतो, त्यामुळे जमिनीत वर्षातले जितके जास्त दिवस जिवंत मुळं, तितकं चांगलं. फक्त वाळलेला भुसा किंवा काड मोठ्या प्रमाणात पेरणीच्या तोंडावर गाडू नका. कर्ब-नत्राचं प्रमाण 25 च्या बरंच वर असलं की कुजवणारे जिवाणू मातीतलं नत्र स्वतःसाठी ओढतात आणि पीक उपाशी राहतं.

विक्रेत्याच्या यादीतलं ह्युमिक? हेक्टरी काही किलो ह्युमिकनं आठ टन कर्बात काय भर पडेल, ते तुम्हीच ठरवा. शेंगवर्गीय पीक त्या रानात पहिल्यांदाच घेत असाल तर योग्य रायझोबियम (हवेतलं नत्र पिकाला मिळवून देणारे जिवाणू) बियाण्याला जरूर लावा. बाकीच्या जिवाणू खतांबद्दल माझा आग्रह एवढाच की आधी पट्टा ठेवून बघा. नवीन काहीही देताना शेताच्या मधोमध एक पट्टा मुद्दाम कोरा सोडा, दोन्ही टोकांना खुंटी मारा आणि काढणीला दोन्हीकडचं उत्पन्न वेगळं मोजा. एका हंगामात एकच गोष्ट बदला. चार वस्तू एकदम टाकल्या आणि पीक सुधारलं, तर पुढच्या वर्षी चारही विकत घ्याव्या लागतील.

भाजीच्या वाफ्यांना शेताचा अहवाल लावू नका, त्यांचा वेगळा नमुना द्या. घरामागच्या जमिनीत बहुतेकदा उलटी अडचण असते: वर्षानुवर्षं खत पडून स्फुरद गरजेपेक्षा कितीतरी जास्त साठलेला असतो. चुलीतली राख तिथे टाकत असाल तर थांबवा, ती सामू आणखी वाढवते. घर जुनं असेल आणि भिंतीच्या रंगाचे पोपडे वाफ्यांत पडत असतील, तर शिशाची तपासणी मागा, विशेषतः लहान मुलं तिथे खेळत असतील तर.

वाळू मिसळू नका. चिकणमाती मोकळी व्हायला वाळूचं प्रमाण निम्म्याच्या वर न्यावं लागतं; थोडीच घातली तर मोठ्या कणांमधल्या फटीत चिकणमाती बसते आणि मिश्रण आणखी टणक होतं. बाहेरची माती आणायलाही माझा विरोध आहे. तिच्यासोबत तण, सूत्रकृमी (मुळांना लागणारे बारीक कृमी) आणि क्षार येऊ शकतात, आणि वेगळ्या पोताचा थर वर पडला की दोन थरांच्या सीमेवर पाणी अडतं. आणावीच लागली तर आधी तिचा नमुना तपासा आणि खालच्या मातीत वीतभर तरी मिसळून घ्या. त्यापेक्षा पहिल्या वर्षी वाफ्यांवर पाच सेंटिमीटर कुजलेलं कंपोस्ट, नंतर दरवर्षी एक-दोन. वर पालापाचोळ्याचं आच्छादन. आणि वाफ्यांमधून चालायच्या वाटा कायमच्या ठरवून टाका, म्हणजे लागवडीच्या मातीवर पाय पडणार नाही. स्फुरद आधीच जास्त निघाला तर कंपोस्टही हात आखडून, आच्छादनावर भर.

शेताची पुढची तपासणी तीन वर्षांनी करा. त्याच महिन्यात, त्याच खोलीवर, शक्यतो त्याच प्रयोगशाळेत. नाहीतर दोन आकड्यांची तुलना करता येत नाही. तोवर दरवर्षी वाफशावर 30 सेंटिमीटर लांब-रुंद-खोल घनाची माती काढून त्यातली गांडुळं मोजा, आणि पावसानंतर खालच्या पट्ट्यात पाणी किती तास उभं राहतं ते बाबांनी काढलेल्या नकाशावर लिहून ठेवा.